काहील, कयाक आणि आमचा गट

चुलीवर काही असेल तर आच बारीक करा आणि पंधरा मिनिटं इकडं कान द्या.

आम्ही करवीर तालुक्यातल्या, पंचगंगेच्या काठच्या एका गावच्या बचत गटाच्या बायका. गटात अकरा जणी. महिन्याला दोनशे रुपये भरतो, दहा तारखेला मीटिंग घेतो. रेडिओच्या ताई म्हणाल्या, तुमच्या सहलीविषयी बोला. सहलीविषयी बोलूच. पण सहलीत आम्ही जे केलं ते का केलं, हे कळायचं तर जरा मागं जावं लागंल, २०१९ च्या महापुरात. म्हणून आधी काहिलीची गोष्ट.

नदीकाठच्या बायकांना सांगायला नको, राजाराम बंधाऱ्याची पातळी म्हणजे कुकरच्या शिट्टीसारखी असती. हात कामात असले तरी कान तिकडंच. ३९ फूट म्हणजे इशारा, ४३ फूट म्हणजे धोका. त्या ऑगस्टात पाणी ५५ फुटांच्या वर गेलं. शिरोलीजवळ हायवे पाण्याखाली गेला, कोल्हापूरला जायचं-यायचं बंद झालं. आमच्याकडं सकाळी पाणी मळ्यात होतं, दुपारी गोठ्यात आलं आणि दिवा लावायच्या वेळी उंबऱ्याला लागलं. जवान आले, रबरी बोटी आल्या, पण दुसऱ्या दिवशी. पहिल्या दिवशी आम्हाला न्यायला आली ती गुऱ्हाळाची काहील.

ऑगस्टात गुऱ्हाळं बंदच असतात, काहिली पालथ्या घालून ठेवलेल्या. त्यातली एक पोरांनी सुलटी करून पाण्यात सोडली. दोघं पोहत कड धरून ढकलायला, एकजण आत बांबू घेऊन. आम्हाला दोन-दोन, तीन-तीन करून आत बसवलं. उभं राहायचं नाही, हलायचं नाही, एका अंगाला सरकायचं नाही, रडायचं तर गप रडा. आता काहील म्हणजे गोल. तिला ना नाक ना शेपूट. एका बाजूनं ढकललं की पुढं जायच्या आधी ती जागच्या जागी गरगर फिरती. आमच्या एका जावेनं जे डोळे मिटले ते शाळेच्या पायरीला लागल्यावरच उघडले. तिच्या मांडीवर दुधाच्या पिशवीत गुंडाळलेलं गटाचं दप्तर होतं. हप्त्यांची वही भिजली असती तर कुणाचं किती, यावरनं दुसरा पूर आला असता.

ज्या पोरांनी आम्हाला नेलं ती आमचीच, त्यांचे उपकार आम्ही विसरणार नाही. पण त्यांच्याही अंगात जॅकेट नव्हतं आणि आमच्याही नव्हतं. आणि त्याच आठवड्यात, ८ ऑगस्टला, पलूस तालुक्यात ब्रह्मनाळला लोकांना बाहेर काढताना बोट उलटली. त्यात बायका गेल्या, लेकरं गेली. आम्ही शाळेत मोबाइलवर ती बातमी बघितली आणि कुणी कुणाशी बोललं नाही. आदल्या दिवशी आम्हीही तशाच बसलो होतो की.

त्यानंतर पाण्याचं भ्या बसलं ते बसलंच. २०२१ च्या जुलैत पाणी पुन्हा ५५ फुटांच्या पुढं गेलं, तेव्हा आम्ही वेळेवर घरं सोडली. पण एक गोष्ट ध्यानात घ्या. जन्म गेला नदीकाठी, धुणं नदीवर, म्हसरं नदीवर, गौरी-गणपती नदीवर, आणि अकरा जणींत पोहता येणारी एकच. तीही माहेरच्या विहिरीवर भावांच्या नादानं शिकलेली, लग्न झाल्यापासनं पाण्यात उतरली नव्हती. कृष्णेत होड्यांच्या शर्यती लागतात, त्या बघायला आम्ही गेलोय. आम्ही बघितल्या त्यात वल्हं बाप्यांच्या हातात आणि बायका काठावर टाळ्या वाजवायला. पुरात काय, शर्यतीत काय, पाण्यावर आम्ही कायम गाठोडंच. कुणीतरी ठेवायचं, कुणीतरी उचलायचं.

आता सहल. गेल्या हिवाळ्यात व्याजाचे थोडे पैसे साठले होते. निम्म्या म्हणाल्या पंढरपूर, निम्म्या म्हणाल्या गणपतीपुळे. आमच्यातल्या एकीची लेक कॉलेजला आहे. ती म्हणाली, वेंगुर्ल्याला जाऊया, तिथं बायकांचा बचत गट स्वतः बोटी वल्हवतोय. पहिल्यांदा कुणाला खरं वाटलं नाही. बोटीचं नाव काढल्यावर दोघी तर मीटिंगमधनं उठून गेल्या. पण बचत गट म्हटल्यावर उत्सुकता होतीच. पापड-लोणची करणारे गट आपण लई बघितले. बोटवाला गट कसा असतो?

आजरा, आंबोली, सावंतवाडी करत वेंगुर्ल्याला पोचलो. त्या गटाचं नाव स्वामिनी. मांडवी खाडीत २०१७ पासनं त्या लोकांना कांदळवनात बोटीनं फिरवून आणतात. तेव्हा सिंधुदुर्गात संयुक्त राष्ट्रांच्या विकास कार्यक्रमाचा आणि वनखात्याच्या कांदळवन विभागाचा प्रकल्प चालू होता, त्यातनं हे उभं राहिलं. मासेमारीवर पोट असलेल्या घरांतल्या बायका. पाणी त्यांना आपल्यासारखंच दारात. फरक एवढाच, त्यांनी वल्हं हातात घेतलं.

बोटीत बसताना आधी जॅकेट. आम्ही पदर सावरत, हसत, लाजत ती घातली. मग बोट निघाली आणि आवाजच नाही. इंजिन नाही, धूर नाही, नुसतं वल्ह्याचं पाणी. दोन्ही बाजूंना खाऱ्या पाण्यात उभी झाडं. तिवराची मुळं चिखलातनं खुंट्यांसारखी वर आलेली, ती श्वास घेतात. कांदळाचं बी झाडावरच रुजतं, लांब शेंगेसारखं लोंबतं आणि सुटलं की भाल्यासारखं खाली चिखलात घुसतं. हुरा नावाचं एक झाड आहे, त्याचा चीक डोळ्यात गेला तर डोळा जायची पाळी. ही झाडं लाटांचा जोर अंगावर घेतात आणि त्यांच्या मुळांत मासे-खेकड्यांची पिल्लं वाढतात. झाड तोडून सरपण करण्यापेक्षा उभं झाड जास्त देतंय, हे तिथं डोळ्यांनी दिसलं. आपल्याकडं ओढ्या-नदीच्या काठचे वाळुंज आणि करंज कुठं गेले, याचा विचार डोक्यात आला, पण ते भाषण दुसऱ्या दिवशी.

आमचं अर्धं लक्ष झाडांकडं होतं आणि अर्धं वल्हवणाऱ्या हातांकडं. तळहाताला घट्टे, बांगड्या तशाच, पाठ ताठ. काकूंनी, म्हणजे आमच्यातल्या सगळ्यांत थोरल्या, वय अठ्ठावन्न, हळूच विचारलं, हे शिकायला किती दिवस लागतात? आम्ही एकमेकींकडं बघितलं. उठून गेलेल्या दोघींत एक काकूच होत्या.

दुसऱ्या दिवशी देवबागला गेलो. देवबाग म्हणजे एका अंगाला समुद्र, दुसऱ्या अंगाला कर्ली नदीची खाडी आणि मध्ये चिंचोळी पट्टी जमीन. तिथं खाडीत कयाक भाड्यानं मिळतात. कयाक म्हणजे काय, तर निमुळती, लांबट, हलकी होडी. आतमध्ये एक किंवा दोन माणसं, पाय लांब करून बसायचं, बूड जवळजवळ पाण्याच्या पातळीला. वल्ह्याला दोन्ही टोकांना पातं. एकदा उजवीकडं, एकदा डावीकडं. काहील होती फिरकी, ही होती सुई. काहील लवकर कलंडत नाही पण सरळ जात नाही. कयाक सरळ जाती, पण अंग वाकडं केलं की कलती.

आम्ही सहा जणी तयार झालो, पंजाबी ड्रेस घालून. बाकीच्या काठावर चपला सांभाळायला. शिकवणाऱ्या पोरांनी आधी जॅकेट तपासली. आम्ही पट्टे सैल ठेवले होते, दम लागतो म्हणून. त्यानं खांद्याला धरून एकीचं जॅकेट वर ओढलं तर ते कानापर्यंत आलं. म्हणाला, मावशी, पाण्यात असंच होणार, जॅकेट वर आणि तुम्ही खाली. मग सगळे पट्टे आवळले. ही गोष्ट तुम्हीही ध्यानात ठेवा. जॅकेट घालून दुसरीला खांद्यापाशी धरून वर ओढायला सांगा. हनुवटीच्या वर आलं तर ते घातल्यासारखंच नाही.

काकू आणि गटातली सगळ्यांत धाकटी एका कयाकमध्ये. दहा मिनिटं बरं चाललं. मग धाकटीला पाण्यात काहीतरी दिसलं, ती उजवीकडं वाकली, काय गं म्हणत काकूही उजवीकडं वाकल्या. पुढचं सांगायला नको. काठावर आमच्या बाकीच्यांनी जो आरडाओरडा केला तो मालवणपर्यंत गेला असंल.

आम्हाला वाटलं, गेल्या. पण श्वास घेऊन सोडायच्या आत दोघी वर. धाकटी हसत होती. काकूंच्या नाकातोंडात पाणी गेलेलं, कुंकू गालावर आलेलं, आणि त्या दोन्ही हातांनी पाणी बडवत होत्या. पोरगा जवळ गेला आणि म्हणाला, मावशी, हात थांबवा, मागं टेका, पाय सोडून द्या. त्यांनी हात थांबवले. आणि त्या तरंगत राहिल्या. दहा सेकंद, वीस सेकंद. तोंड वर, आभाळाकडं. मग त्यांनी आम्हाला हाक मारून सांगितलं, "अगं, बुडाले न्हाई की मी!"

त्या काहिलीत बसलेल्या दिवसापासनं काकू रात्री झोपेत दचकून उठायच्या, हे आम्हाला सगळ्यांना माहीत होतं. म्हणून त्या वाक्याला आम्ही हसलो नाही. नंतर मात्र हसलो, कारण परत कयाकवर चढताना त्या पोटावर आडव्या पडून माशासारख्या सरपटत वर गेल्या आणि वर गेल्या गेल्या विचारलं, माझी चप्पल कुठाय?

वल्हवायचं तंत्र आम्हाला लवकर जमलं, हे जरा फुशारकीनं सांगतो. पोरगा म्हणत होता, हातानं ओढू नका, पाठीतनं फिरा. ते काही समजंना. मग आमच्यातली एक म्हणाली, अगं, रवीची दोरी ओढतो तसं. एक हात मागं, एक पुढं, कंबर आपोआप वळती. झालं, कळलं. दोघी एका कयाकमध्ये असल्या तर जात्यावर दोघींनी दळताना लागतो तसा एक ठेका लागतो. पुढची ठेका देती, मागची धरती. उजवीकडं वल्हं मारलं की नाव डावीकडं वळती, डावीकडं मारलं की उजवीकडं. थांबायचं तर उलटं मारायचं. बस्स.

खरी परीक्षा परतताना झाली. ओहोटी लागली होती. खाडीचं पाणी समुद्राकडं पळायला लागलं. दोन जणींची कयाक मधल्या धारेत सापडली. त्या जोर लावत होत्या आणि तरी मागं मागं, जिथं नदी समुद्राला मिळती तिकडं चालल्या होत्या. त्या दोघींतली एक म्हणजे काहिलीत डोळे मिटून बसलेली जाऊ. काठावरनं आम्हाला तिचं तोंड दिसत होतं. शिकवणारा पोरगा दुसऱ्या कयाकमधनं ओरडला, समोर भांडू नका, तिरकं घ्या, काठाकडं! धार मध्ये जोरात असती, काठाला कमी. त्यांनी तोंड काठाकडं वळवलं, तिरक्या तिरक्या आल्या, आणि काठाजवळच्या मंद पाण्यातनं हळूहळू वर चढत आमच्यापर्यंत पोचल्या. पोरगा शेजारी होता, पण त्यानं हात लावला नाही. आल्यावर तिचे दंड थरथरत होते. पाणी प्यायली आणि म्हणाली, ह्या खेपंला मी डोळे उघडे ठेवले.

रात्री मुक्कामाला त्या कॉलेजच्या पोरीनं मोबाइलवरनं शोधून एकेक गोष्ट वाचून दाखवली. कयाक ही मुळात बर्फाळ मुलखातल्या इनुइट लोकांची शिकारीची नाव. लाकडा-हाडाचा सांगाडा आणि वरनं सीलचं कातडं. शिकारीला बाप्ये जायचे, पण कातडं शिवायच्या बायका. सुई कातड्यातनं आरपार जाऊ द्यायची नाही, अर्ध्या जाडीतनं फिरवायची, म्हणजे टाक्यातनं पाणी शिरत नाही. त्या थंड पाण्यात एक टाका चुकला तर माणूस गेला. आणि ज्याची कयाक त्याच्या अंगाच्या मापानं, ब्लाउज बेततात तशी. शिवाय त्यांची दुसरी एक मोठी उघडी नाव असायची, उमियाक. तिला बायकांची नावच म्हणायचे, कारण घरदार, पोरंबाळं, सामान घालून ती बायका वल्हवायच्या. म्हणजे वल्हं हे बाईचं काम नव्हं, असं म्हणणाऱ्यांना उत्तर फार जुनं आहे.

अमेरिकेतल्या हवाई बेटावरच्या ऑड्रे सदरलँड म्हणून एक बाई होत्या. चार पोरं एकटीनं वाढवलेल्या. १९८० च्या सुमारास, साठीला आल्यावर, हवा भरायची एक छोटी कयाक घेऊन त्या अलास्काच्या थंड समुद्रात एकट्या गेल्या, आणि मग बरीच वर्षं उन्हाळ्यात जातच राहिल्या. हे ऐकून काकू नुसत्या हं म्हणाल्या. ऑस्कर स्पेक नावाचा एक जर्मन १९३२ साली घडीच्या कयाकमधनं निघाला, तो आपल्या हिंदुस्थानच्या किनाऱ्यानं खाली जात जात सात वर्षांनी, १९३९ ला, ऑस्ट्रेलियाच्या बेटावर पोचला. तोवर युद्ध सुरू झालेलं. जर्मन म्हणून त्याला पकडून कैदेत टाकलं. बिचारा! आणि आपल्याच देशातली, ग्वाल्हेरची प्राची यादव. पायांत जोर नाही, व्हीलचेअरवर वावरते. आधी पोहायची, मग वल्हं धरलं. टोकियोच्या पॅरालिंपिकमध्ये २०२१ साली या खेळात उतरलेली ती पहिली भारतीय, अंतिम फेरीत पोचली. २०२३ मध्ये चीनमधल्या आशियाई पॅरा स्पर्धेत तिनं कयाकमध्ये सोनं जिंकलं. गावात आल्यावर पारावरच्या एकानं विचारलंच, "काय, आता ऑलिंपिकला जाणार काय?" तेव्हा आमच्या धाकटीनं त्याला प्राचीचं नाव सांगितलं आणि म्हणाली, "ती पोचली, आम्ही आधी नदीपातूर जातो."

आता पुढचं, ते गोड नाही. दहा तारखेच्या मीटिंगला आम्ही ठराव मांडला, गटाच्या पैशातनं अकरा जॅकेटं घ्यायची. एका जॅकेटला हजाराच्या आतबाहेर पडतात. आमच्यातल्या एकीला त्याच महिन्यात म्हशीसाठी कर्ज हवं होतं. ती उभी राहून म्हणाली, म्हैस दूध देती, जॅकेट काय देतंय? बरोबर होतं तिचं. आणि गावात सगळ्यांत खालच्या अंगाला घर आहे तेही तिचंच. दोन तास भांडण झालं. काही बोलणी अशी झाली की ती रेडिओवर सांगण्यासारखी नाहीत. शेवटी पाच जॅकेटं गटाच्या व्याजातनं आणि बाकीची ज्यांना जमंल त्यांनी हप्त्यानं, असं ठरलं. दिवाळीनंतरचं पहिलं कर्ज तिच्या म्हशीला. तिनं सही केली, पण आमच्याशी महिनाभर नीट बोलली नाही. अजूनही जरा अंतर आहे. आज आठ जॅकेटं आहेत, तीन व्हायची आहेत.

कयाक आमच्याकडं नाही, परवडणार नाही. एका भोई भावाची मासेमारीची होडी रविवारी सकाळी मिळते. पावसाळ्यानंतर बंधाऱ्याला बर्गे घातले की वरच्या बाजूला पाणी तळ्यासारखं थांबतं, तिथं आम्ही शिकतो. दोघी वल्ह्यावर, दोघी बसायला, पोहणारा एकजण काठावर हातात दोरी घेऊन. बंधाऱ्याच्या जवळ जात नाही आणि खालच्या अंगाला तर मुळीच नाही, तिथं पाणी उलटं फिरतं आणि माणसाला खाली धरून ठेवतं. गावच्या आपत्तीच्या बोटीवर हिवाळ्यात सराव करू द्या, असा अर्ज दिलाय. उत्तर यायचंय.

आणि गैरसमज नको. चार रविवार वल्हं मारलं म्हणून पुरात होडी घालायची नाही. पुराच्या पाण्यात विजेच्या तारा असतात, काटेरी कुंपण असतं, वाहून आलेली झाडं असतात, आणि साप तर असतातच. पुरात पहिली गोष्ट म्हणजे वेळेवर घर सोडणं. पण बोटीत बसायची पाळी आलीच तर खाली बसायचं, पट्टे आवळायचे, आणि ठरल्यापेक्षा एकही माणूस जास्त चढत असंल तर ठणकावून नको म्हणायचं. हे म्हणायला त्या वेळी जीभ उचलत नाही, म्हणून आम्ही रविवारी मुद्दाम म्हणायची सवय करतो. चारच्या होडीत पाचवी चढली की सगळ्या मिळून ओरडायचं, उतर!

ज्यांच्याकडं जॅकेट नाही त्यांनी पाच लिटरचा रिकामा कॅन बूच घट्ट लावून जवळ ठेवावा. असा कॅन पाण्यात साधारण पाच किलोचा भार उचलून धरतो, छातीशी कवटाळला तर तेवढा आधार मिळतो. तो जॅकेटची जागा घेत नाही, तोंड वर ठेवायचं काम आपल्यालाच करावं लागतं. जॅकेटं सावलीत वाळवा, बसायला घेऊ नका, आणि उंदरांपासनं जपा. आमचं एक उंदरानं कुरतडलं, त्याचे पैसे अजून कुणी भरायचे ते ठरलेलं नाही.

पावसाच्या तोंडावर बर्गे निघतील. त्याच्या आत तीन रविवार मिळतायत. शेजारच्या गावांतल्या गटांनी यायचं असंल तर सकाळी सातला घाटावर या. जुना पंजाबी ड्रेस घाला, केस घट्ट बांधा, बांगड्या काचेच्या नकोत. चपला घरीच काढून या. काकूंची एक चप्पल अजून कर्लीच्या खाडीत आहे, आणि त्या दर रविवारी तिची आठवण काढतात.